कोकणात मेंढरं: नर कुठून आणावा आणि बघून घ्यावा तरी काय?

कातळसडा
नमस्कार मंडळी. गाव लांजा तालुक्यात. घरची वरकस जमीन आहे, थोडा कातळ, थोडी काजू, बाकी गवत नुसतं वाळतं आणि मार्चात कोणीतरी वणवा लावतं. खत बसवायला घाटावरून मेंढरं येतात त्यांच्याकडूनच परत जाताना थोड्या मेंढ्या घेतल्या होत्या, गावातल्या लोकांनी वेड्यात काढलं, पण एक पावसाळा काढला त्यांनी. सगळ्यांनी नाही, पण बऱ्याच जणींनी काढला. आता मुद्दा नराचा. माझ्यासमोर चार पर्याय आहेत. एक, माडग्याळ, उंच, पोपटनाक्या, बघूनच छाती दडपते. दोन, व्हिडिओत दाखवतात तो डॉर्पर क्रॉस, विकणारा म्हणतो तीन महिन्यांत कोकरू दुप्पट. तीन, फलटणचा जुळी देणारा सुवर्णा. चार, घरचाच एक एडका आहे, कळपात सगळ्यात दांडगा, आयता आणि फुकट. काय करू? कृपया "मेंढरं सोडा आणि होमस्टे काढा" असं सांगू नका, ते घरचे रोज सांगतात.

वेंगुर्ल्याचो बाबी
होमस्टे काढा.
मस्करी केलंय हां. पण खरा सांगतंय, मेंढरा कित्याक? आमच्या सिंधुदुर्गात कन्याळ शेळी आसा, काळ्या आंगार नाकपुडीपासून कानापर्यंत दोनय बाजूक पांढरे पट्टे, बघतच रवशात. पिढ्यानपिढ्या ह्याच पावसात वाढलेली. निळेलीक विद्यापीठाचा प्रक्षेत्र आसा थंय जावन बघा. मेंढराच्या आंगार लोकर, ती भिजली काय सुकता कधी? थेट गणपतीक.

चहाटळ
बाबीशेट, तोपर्यंत मेंढरूच सुकतं.

माणदेशी_पोरगा
राम राम. आमी दसरा झाला की घाट उतरतो, चिपळूण संगमेश्वर लांजा ह्याच पट्ट्यात असतो, भात कापून झालं की खाचरात मेंढरं बसवायची, शेतकरी तांदूळ देतो नायतर पैसं. मे महिन्यात वळवाच्या आधी वर निगायचं म्हंजे निगायचं. आमचे आजोबा म्हणायचे पावसात खाली ऱ्हायला तर कातडी घिऊन वर यावं लागंल. दादा तुमी ठिवली आन जगली ह्येच लई मोठं हाय. आता नराचं सांगतो. आमी नर कधी नुसता अंग बघून ठिवत न्हाई. त्याची आय बघतो. आय दुधाला कशी, दरसाली गाभ धरती का, चालीला मागं पडती का, कोकरू टाकून पळती का. दांडगा दिसला म्हणून ठिवला असं फकस्त नवा माणूस करतो. आन माडग्याळ म्हणाल तर जनावर भारी हाय पर ते जत भागातलं, कोरड्या रानातलं.

कातळसडा
@माणदेशी_पोरगा भाऊ, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. पण आईचं दूध मोजायचं कसं? मेंढीचं कोण दूध काढतंय.

माणदेशी_पोरगा
मोजायचं कशाला, कोकराचं पोट बघा की. पैल्या म्हैन्यात कोकरू फकस्त आयच्या दुधावर असतंय. म्हैन्याचं कोकरू ज्या मेंढीचं गुबगुबीत ती दुधाची. सांजच्याला वाड्यात कोकरं सोडली की कुठलं कोकरू दुसऱ्याच्या आयला लुचायला पळतंय ते बगा, त्याच्या आयला दूध न्हाई.

आकडेमोड
मी मूळची गुहागरची, शिक्षण पशुपैदाशीतलं, आता कोकणाबाहेर असते. माणदेशी भाऊंनी जे सांगितलं ना, विद्यापीठात आम्हाला तेच वर्षभर शिकवलं, फक्त सूत्रं लावून. महिन्याच्या कोकराचं वजन हा आईच्या दुधाचाच मोजमाप धरतात.

घरच्या दांडग्या एडक्याबद्दल आधी बोलते कारण ९० टक्के लोक हेच करतात. दोन प्रश्न आहेत. तो एकटा जन्मला की जुळ्यातला? आणि त्याचं वय किती, म्हणजे बाकीच्यांपेक्षा आधी जन्मलाय का? कळपात सगळ्यात मोठं दिसणारं कोकरू बहुतेक वेळा हंगामात सगळ्यात आधी जन्मलेलं, एकटं, आणि तिसऱ्या-चौथ्या वेतातल्या अनुभवी मेंढीचं असतं. ह्यातलं काहीच त्याच्या रक्तात नाही. तो पुढच्या पिढीला काय "मी महिनाभर आधी जन्मलो" हे देणार?

उदाहरण घ्या, आकडे समजण्यापुरते माझ्या मनचे आहेत. एक कोकरू जन्मताना २.५ किलो, १०४ दिवसांचं असताना तोललं तर १८.१ किलो. दुसरं जन्मताना २ किलो, ८० दिवसांचं, वजन १३.२. शेजारी उभी केली तर दुसऱ्याकडे कोणी बघणारसुद्धा नाही, जवळजवळ ५ किलोचा फरक. आता दोघांना ९० दिवसांवर आणा. वजनातून जन्मवजन वजा करा, दिवसांनी भागा, ९० ने गुणा, जन्मवजन परत मिळवा. पहिलं येतं १६.० आणि दुसरं १४.६. राहिला फरक १.४ चा. आणि ते दुसरं जर जुळ्यातलं असेल तर त्याला ढोबळ १० टक्के वाढवून धरतात, कारण आईचं दूध वाटून प्यायलंय. झालं १६.०६. म्हणजे ते लहानसं दिसणारं कोकरू प्रत्यक्षात मोठ्याच्या बरोबरीचं निघालं, आणि वर त्याची आई जुळी देणारी.

ह्यातली खरी गोम अशी की दरवर्षी दांडगा तेवढा ठेवत गेलात तर नकळत जुळ्यांतली कोकरं खाटकाकडे जातात आणि एकट्या जन्मलेल्यांचा वंश घरात राहतो. कोणी मुद्दाम करत नाही, पण आपण स्वतःच्या हाताने कळपातली जुळी कमी करत असतो.

अंगणवेल
आकडेमोड ताई, आमच्याकडे म्हसळ्याला शेळ्या आहेत, तिथेही हेच होतं गं!! बकरी ईदला मोठे बोकड जातात, मग मधला कोणीतरी उरतो आणि तोच पुढचा बाप. म्हणजे आम्ही तर उलटी निवड करतो, चांगला तो विकायचा आणि उरला तो ठेवायचा.

आकडेमोड
@अंगणवेल अगदी. आणि हे सगळीकडे आहे. सगळ्यात वेगाने वाढणाऱ्याला सगळ्यात आधी गिऱ्हाईक. त्यामुळे पैदाशीचा नर सहाव्या महिन्याच्या आधी ठरवून, बिल्ला मारून, "हा विकायचा नाही" असं घरात सांगून ठेवावं लागतं. घरातल्यांपासूनच वाचवायचा असतो त्याला.

बागायतदार_०७
एवढं गणित करून कोकरामागे मिळणार काय? सरळ मोठ्या जातीचा नर आणावा, पहिल्याच पिढीत फरक दिसतो. आमच्या पाहुण्यांनी आणलाय, कोकरं बघा एकदा.

आकडेमोड
प्रश्न रास्त आहे, उत्तर थोडं निराश करणारं आहे. वजनासारख्या गुणाची आनुवंशिकता साधारण ०.२ ते ०.४ असते. म्हणजे तुम्ही निवडलेली जनावरं कळपाच्या सरासरीपेक्षा जेवढी सरस, त्यातला पाव ते दीड पाव भाग पुढच्या पिढीत उतरतो, बाकीचा चारा, दूध, नशीब. समजा कळपाची सरासरी १६ किलो, नर निवडला २० चा, माद्या ठेवल्या सरासरी १७ च्या. नराचं ४ जास्त, माद्यांचं १ जास्त, सरासरी अडीच. त्याचा पाव म्हणजे सहाशे ग्रॅमच्या आसपास, आणि मेंढरात एक पिढी बदलायला तीनेक वर्षं. वर्षाला २०० ग्रॅम. हसू नका. हे २०० ग्रॅम एकदा आले की जात नाहीत, दरवर्षी वरवर चढत जातात, औषधासारखं दर वेळी विकत आणावं लागत नाही. आणि बघा त्या अडीचमधले दोन एकट्या नराने दिलेत. म्हणून नरावर एवढी चर्चा.

जुळ्यांची आनुवंशिकता आणखी कमी, ०.१ च्या आसपास. नुसतं जुळी देणारी मेंढी बघून निवड करत राहिलात तर आपल्या हयातीत फार काही होत नाही. म्हणून तर फलटणला वेगळा रस्ता धरला.

मोठ्या जातीचा नर आणून पहिल्या पिढीत दिसतो तो उठाव बराचसा संकराचा असतो, दोन लांबच्या रक्तांची भेट झाली की येतो तसा. त्या संकरित पिढीतलाच नर ठेवून पुढे गेलात की तो उठाव अर्ध्यावर येतो. पाहुण्यांना सांगा पहिल्या पिढीतला नर ठेवू नका. माद्या ठेवा.

चहाटळ
२०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात माडग्याळ मेंढ्याला ७० लाखांची बोली लागल्याची बातमी आली होती, मालकाने तरी दिला नाही म्हणे. कातळसडा, तुमचं बजेट किती?

कातळसडा
त्याच्या गळ्यातल्या घुंगराएवढं.
बरं ताई, फलटणचं नीट सांगा ना. व्हिडिओवाले नुसतं "दोन दोन कोकरं, दोन दोन कोकरं" करतात.

आकडेमोड
सांगते, जरा मोठं होईल.

बंगालात सुंदरबनच्या दलदलीत गरोळ नावाची मेंढी आहे. एवढीशी, पूर्ण वाढलेली १०-१५ किलोची, आपल्याकडे कोणी कोकरूच म्हणेल तिला. पण जुळी-तिळी देते आणि चिखलात, गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते. हे "चिखलात चरते" लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १७९०च्या दशकात कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या. पुढे दीडेकशे वर्षांनी तिकडे न्यू साउथ वेल्समधल्या बुरूला नावाच्या फार्मवरच्या मेरिनो मेंढ्या तीन तीन, चार चार कोकरं द्यायला लागल्या तेव्हा शोधाशोध सुरू झाली. २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी तो जनुकबदल शोधला, बीएमपीआर१बी नावाच्या जनुकात एका अक्षराचा फरक. त्याला फेक-बी म्हणतात. आणि गरोळमध्ये तपासलं तर तोच बदल. म्हणजे माल आपल्याच घरचा.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोळमधला हा एक जनुक आपल्या लोणंद भागातल्या दख्खनी मेंढीत आणला आणि पिढ्यानपिढ्या परत दख्खनीशी जुळवत अंग दख्खनीचं आणि जनुक गरोळचा असा कळप तयार केला, तीच नारी सुवर्णा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा आणि ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांचा त्यात हात होता. राजस्थानात अविकानगरला केंद्रीय संस्थेने गरोळ, मालपुरा आणि पाटणवाडी एकत्र करून अविशान केली, तिथेही हाच जनुक.

आता व्यवहाराचं. हा जनुक नराच्या अंगावर दिसत नाही. नर तो फक्त पुढे देतो, दिसतो त्याच्या मुलींत. म्हणून रक्ततपासणीचा कागद नसेल तर "सुवर्णाचा नर" ह्या शब्दाला काही अर्थ नाही. कागदावर त्याच्या अंगात जनुकाच्या दोन प्रती (आईकडून एक, बापाकडून एक) लिहिल्या असतील तर त्याच्या सगळ्या मुलींना एक एक प्रत मिळणार. एकच प्रत असेल तर निम्म्या मुलींना. एक प्रत असलेल्या मेंढीला फलटणच्या अनुभवानुसार वेताला सरासरी साधारण अर्धं कोकरू जास्त. म्हणजे बऱ्याच जणींना जुळं, काहींना एकच, थोड्यांना तिळं. दोन प्रती असलेल्या मेंढ्यांमध्ये तिळी वाढतात आणि तिळं म्हणजे आपल्या चाऱ्यावर एक तरी मेलं समजा. म्हणून पहिल्या खेपेला दोन प्रतींचा नर वापरलात तर त्याच्या मुलींवर परत तसाच नर सोडू नका, साधा नर सोडा.

अंगणवेल
आणि दूध? जुळी झाली तर मेंढीला दूध पुरेल का? शेळीत तरी दूध असतं.

आकडेमोड
तेच विचारायचं असतं आधी. जनुक अंडी वाढवतो, दूध वाढवत नाही आणि चारा तर नाहीच नाही. शेवटच्या दीड महिन्यात गर्भ सगळ्यात जास्त वाढतो, तेव्हा जुळ्यांच्या मेंढीला खुराक घालायची तयारी नसेल तर तो जनुक घरात आणू नये. एकेक दणकट कोकरू घ्यावं आणि सुखात राहावं. पण कोकणात त्याच्याही आधीची गोष्ट आहे, ती डॉक्टरांनी सांगावी.

खुरपट्टी
आलो. मी पशुवैद्यक, रायगड-रत्नागिरीत बरीच वर्षं काढली. वरची सगळी चर्चा वाचली, छान आहे, पण मी लांजा तालुक्यात मेंढरं तीन कारणांनी मेलेली बघेन. जंत, जंत आणि खूर. निमोनिया चौथा.

पावसात मेंढीच्या चौथ्या पोटात जो गोलकृमी होतो, लालपांढरा, पिळाच्या दोरीसारखा, हिमॉन्कस, तो रक्तावर जगतो. एक जंत दिवसाला ०.०५ मिली पितो. ऐकायला काहीच नाही. हजार जंत झाले की दिवसाला ५० मिली, आणि हजार होणं पावसाळ्यात अजिबात अवघड नाही कारण एक मादी रोज पाच ते दहा हजार अंडी टाकते. अंड्यातून निघालेली अळी ओल्या गवताच्या पातीवर चढून बसते, दंव असलं की आणखी वर. घाटावर माणदेशात ती उन्हात करपते. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर तिला उन्हाचं भयच नाही. वर भातखाचरातल्या गोगलगायींमुळे यकृतातला चपटा कृमी, तो वेगळाच.

आता माडग्याळ किंवा डॉर्परचा विचार करा. डॉर्पर दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागासाठी बनवलेली जात, डॉर्सेट हॉर्न आणि काळ्या डोक्याची पर्शियन मिळून. लोकर गळते, केसाळ आहे, म्हणून लोकांना वाटतं पावसात चालेल. अहो भिजण्याचा प्रश्न केसाने थोडा सुटेल, जंताचा कसा सुटेल? त्या रक्ताने पिढ्यानपिढ्या एवढा जंत बघितलेलाच नाही.

बागायतदार_०७
डॉक्टर मग जंतनाशक कशाला आहे? दर महिन्याला पाजायचं.

खुरपट्टी
दर महिन्याला सगळ्यांना एकच औषध पाजलं की त्यातून जे जंत वाचतात त्यांचीच पैदास होते. तुम्ही मेंढरांची निवड करायला निघालात आणि करून बसलात जंतांची. काही वर्षांत औषध पाण्यासारखं उतरतं, मी डोळ्याने बघितलेत असे कळप. आणि अल्बेंडाझोल गाभण मेंढीला पहिल्या महिन्यात देऊ नका, गर्भाला धोका असतो, हे सांगूनही लोक सरसकट पाजतात.

त्यापेक्षा हे करा. दर दोन आठवड्यांनी, पावसात तर दर आठवड्याला, प्रत्येकीची खालची पापणी उलटून बघायची. लाल असेल तर सोडून द्या. पांढुरकी असेल तर तिलाच फक्त औषध. दक्षिण आफ्रिकेत ह्याचा रंगांचा तक्ताच केला आहे, फमाचा म्हणतात, १ म्हणजे लालबुंद आणि ५ म्हणजे कागदासारखी पांढरी, ४-५ ला हमखास औषध. जबड्याखाली पाणी भरल्यासारखी पिशवी लोंबली तर तिला थांबूच नका. विणीच्या आगेमागे मेंढीची प्रतिकारशक्ती घसरते, जुळ्यांच्या मेंढीची जास्त, तेव्हा डोळ्यात तेल घालून बघा.

आणि आता मुद्दा. ज्या मेंढीला औषध दिलं तिचा बिल्ला नंबर वहीत लिहा. पावसाळा संपला की वही उघडा. कळपात नेहमी थोडीच जनावरं अशी असतात की ज्यांच्या लेंडीतून बहुतेक सगळी अंडी पडत असतात, बाकीचा कळप त्यांच्यापायी आजारी पडतो. वहीत जिचं नाव तीनदा आलं ती काढा. जिचं एकदाही नाही आणि जिने कोकरूही चांगलं वाढवलं, तिचा नर ठेवा.

आकडेमोड
डॉक्टर, टाळ्या. लेंडीतल्या अंड्यांच्या संख्येची आनुवंशिकता ०.२ ते ०.३ च्या घरात येते, म्हणजे जवळपास वजनाएवढी. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात ह्यावर निवड करून जंताला दाद न देणारे कळप तयार केलेत. आणि मी मघाशी चिखलात चरणारी गरोळ लक्षात ठेवा म्हटलं ते ह्यासाठी. फलटणला दख्खनी, बन्नूर आणि गरोळ संकर एकाच रानात चारून तपासले तेव्हा गरोळ रक्ताच्या मेंढ्यांच्या लेंडीत अंडी कमी निघाली. आता जुळ्यांचा जनुक आणताना ते बाकीचं गरोळ रक्त बरंचसं परत धुऊन काढलं, अंग लहान होऊ नये म्हणून. त्यामुळे सुवर्णा आणली म्हणजे जंताचाही बंदोबस्त झाला असं समजू नका.

वेंगुर्ल्याचो बाबी
म्हणजे मी जा पयल्याक सांगलंय ताच झाला मा? ज्या जनावरान हयचो पाऊस खाल्लोहा ताच बरा.

खुरपट्टी
बाबीशेट, कबूल. फक्त कन्याळ शेळीचीही कोणी पापणी बघून निवड करत नाही, पट्टे बघून करतात. पट्टे सरळ आले की नर ठेवला. पट्ट्यांनी जंत मरत नाहीत.

वेंगुर्ल्याचो बाबी
ह्या मात्र खरा. माझ्या शेजाऱ्यान कानाच्या काठाचो रंग बघून बोकड ठेवलो आणि तो पायान लंगडो.

चहाटळ
लग्नं पण तशीच जमतात.

माणदेशी_पोरगा
डाक्टर खुराचं पण सांगा की. आमच्याकडं खाली आलं की पैला खूरच जातोय.

खुरपट्टी
गोठ्याला माचा करा, फळ्यांच्या फटी एवढ्याच की लेंडी पडेल आणि पाय अडकणार नाही. खुरं पावसाआधी छाटा, नखाच्या बेचक्यात चिखल राहिला की सड धरते. दारात मोरचुदाच्या पातळ पाण्याची पसरट टाकी ठेवली तर बरं, पण मेंढरू ते पाणी पिणार नाही ह्याची काळजी घ्या, तांबं मेंढीला शेळीपेक्षा लवकर बाधतं. आणि पुन्हा तेच, काळं खूर-पांढरं खूर असलं काही न बघता कोणाचा पाय वर्षात किती वेळा सडला ते लिहा. मेच्या आधी आंत्रविषाराची लस, पीपीआर म्हणजे शेळ्यामेंढ्यांच्या प्लेगची पण.

कातळसडा
मंडळी, वाचता वाचता जेवण गार झालं. माझ्याकडे पहिल्या पावसाळ्यातून वाचलेल्या ज्या आहेत त्यांची वही नाही पण कोणाला जास्त औषध लागलं हे आमच्या आईला तोंडपाठ आहे, तिला विचारून लिहून काढतो. मग असं करू का, ज्यांना औषध कमी लागलं त्यांच्या कोकरांतून घरचा नर निवडायचा? म्हणजे पर्याय चार, पण दांडगा तो नाही.

आकडेमोड
बरोबर. पण एकच नर नको. ३० मेंढ्या आणि १ नर असेल तर रक्ताच्या हिशोबात तो कळप जेमतेम ४ जनावरांचा असतो, कारण पुढच्या पिढीचं अर्धं रक्त एकाचंच. नर ३ केलेत तर तोच आकडा ११ च्या आसपास जातो. आणि बापाला स्वतःच्या मुलींवर सोडलं तर कोकरांत अंतःप्रजनन २५ टक्के, एका बापाच्या सावत्र भावंडांत साडेबारा. मग वजन घटतं, गाभ धरत नाही, कोकरं नाजूक निघतात आणि लोक म्हणतात जागेला दोष आहे, नारळ द्या. दोन वर्षांनी नर बदला. गावात आणखी कोणी पाळत असेल तर आपसात अदलाबदल करा, पैसे पण लागत नाहीत.

कातळसडा
गावात मी एकटाच वेडा आहे.

माणदेशी_पोरगा
मी हाय की. औंदा खाली येताना एक एडका आणतो, आमच्या खांडातली एक म्हातारी मेंढी हाय, दर साली खाली कोकणात येती आन कधी आजारी न्हाई, दर वेताला कोकरू उभं करती, तिचा. अंगानं मध्यमच हाय, तुमाला व्हिडिओ काढून दाखवायजोगा न्हाई. तुमचा एक आमाला द्या बदल्यात.

अंगणवेल
ह्यात कृत्रिम रेतन नाही का होत? आमच्याकडे शेळ्यांना करतात की गोठवलेल्या रेताचं.

आकडेमोड
शेळीत जमतं, मेंढीत घोळ आहे. मेंढीच्या गर्भाशयाच्या तोंडात वळ्यावळ्यांचा चिंचोळा मार्ग असतो, नळी आत जातच नाही, त्यामुळे गोठवलेलं रेत बाहेरच पडून गाभ धरण्याचं प्रमाण फार कमी येतं. पोटातून दुर्बीण घालून करतात ते जमतं पण ते शेतावरचं काम नाही. ताजं रेत चालतं, पण त्याला नर जवळ हवा, आणि नर जवळ असला तर मग नळी कशाला. मेंढी दर १७ दिवसांनी माजावर येते, नर २५-३० मेंढ्यांत सोडा, दोन फेऱ्यांत काम होतं. नर आत-बाहेर कधी केला त्याच्या तारखा मात्र लिहा, दीडशे दिवसांनी विणी धरून चाला म्हणजे कोकरं ऐन पावसात पडणार नाहीत. दिवाळीच्या सुमाराला विणी आली तर उत्तम, गवत असतं आणि चिखल गेलेला असतो. त्यासाठी नर मेच्या शेवटाला सोडा.

बागायतदार_०७
ठीक आहे, पाहुण्यांना विचारून सांगतो त्यांनी किती वेळा जंतनाशक पाजलं. मला वाटतं उत्तर मलाच आवडणार नाही.

कातळसडा
वजनासाठी काय वापरू? कोकरू तराजूत राहत नाही.

माणदेशी_पोरगा
गोणपाटाची झोळी करा, काट्याला आडकवा. चारी पाय अधांतरी आले की गप ऱ्हातंय.

खुरपट्टी
हूकचा स्प्रिंग काटा ५० किलोचा पुरेल. आणि कातळसडा, पाहुणा एडका आला की थेट कळपात सोडू नका. तीन आठवडे वेगळा बांधा, आल्याआल्या दोन वेगवेगळ्या गटांतली जंतनाशकं द्या म्हणजे घाटावरचे औषध न जुमानणारे जंत तुमच्या रानात उतरणार नाहीत, दहा-बारा दिवसांनी लेंडी तपासून घ्या. ब्रुसेलाची, म्हणजे गाभ पाडणाऱ्या रोगाची, रक्ततपासणी पण, तो रोग माणसालाही होतो. अंडकोष हाताने चाचपा, दोन्ही सारखे आणि घट्ट हवेत, एक लहान असेल तर भाऊला तिथूनच परत पाठवा.

माणदेशी_पोरगा
डाक्टर दोनी बरूबर हायत, मी तपासलंय.

कातळसडा
मग माझा कुठला देऊ बदल्यात? तो दांडगा नेता का?

माणदेशी_पोरगा
त्याच्या आयला किती येळा औषिद दिलं ते आईंना इचारून सांगा, मग बगू.